ॲव्होकॅडोचा बोलबाला आणि आपले काळीज



या पानावर माझ्याकडून आपण आजवर लागणीचा हंगाम, खोडव्यातील पाचट, हुमणीचा बंदोबस्त असलेच विषय वाचत आला आहात. माझी पदविका शेतीची. डॉक्टरकीशी माझा संबंध स्वतःच्या गोळ्या घेण्यापुरता. तेव्हा ऊस सोडून हा गडी फळ आणि हृदयविकार यांच्या मागे कशाला लागला, असे कुणालाही वाटेल. त्याला कारण आमच्या गट ऑफिसात घडलेली एक गोष्ट.

ऊस नोंदीच्या दिवसांत आमच्या गटातील एक जुने सभासद आले. सारे गाव त्यांना तात्या म्हणते, मीही तात्याच म्हणतो. वय अठ्ठावन्न. दोन वर्षांपूर्वी छातीत कळ आली म्हणून त्यांना शहरात नेले होते आणि दोन स्प्रिंगा बसवल्या होत्या. मी नोंदवही पुढे ओढली तसे तात्या म्हणाले, "साहेब, आडसालीचं बघू मागनं. आधी ती बटरफ्रूटची रोपं कुठं मिळत्यात तेवढं सांगा. नातवानं मोबाइलवर दावलंय. रोज एक खाल्लं की रक्तातली चरबी धुऊन निघती. म्या तर चार महिनं झालं, गोळीच सोडलीया."

मी त्यांना "तात्या, गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय सोडू नका" असे एकदा म्हटले. पण एकदाच. बाहेर पंधरा माणसे नोंदीसाठी ताटकळत होती, चिटबॉय घाई करीत होता. मी जोर काही लावला नाही. उलट नर्सरीचा फोन नंबर तेवढा कागदावर लिहून दिला. अकरा दिवसांनी मध्यरात्री तात्यांना शेजाऱ्याच्या जीपमधून न्यावे लागले. वेळेवर पोचले म्हणून वाचले. गोळी चालू असताना त्यांचे एलडीएल, म्हणजे शिरांत साचणारे वाईट कोलेस्टेरॉल, ६८ होते. त्या रात्री रक्त घेतले त्यात ते १४९ निघाले.

तो नंबर मी लिहून दिला होता, ही गोष्ट मनातून जात नाही. म्हणून हा लेख. फळाशी माझे वैर नाही. फळ चांगले आहे. मात्र किती चांगले, कशाच्या जागी चांगले आणि कुणाच्या सांगण्यावरून चांगले, हे पाहण्याची रीत आपल्याला उसातून ठाऊक आहे. तीच येथे लावून बघू.

आधी फळ कसले ते सांगतो. ॲव्होकॅडो मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचे. आजही सर्वांत जास्त पिकते ते मेक्सिकोतच. आपल्याकडे कूर्ग आणि निलगिरीच्या कॉफीमळ्यांत ते फार वर्षांपासून आहे. कर्नाटकात त्याला लोणीफळ म्हणतात आणि नाव अगदी चपखल आहे. जगात ज्या जातीचा बोलबाला आहे ती हास. कॅलिफोर्नियात रुडॉल्फ हास नावाच्या पोस्टमनने १९२० च्या दशकात बी लावून रोप वाढवले. त्यावर दुसऱ्या जातीचे कलम बांधायचे होते, ते काही बसेना. तसेच ठेवलेले ते झाड पुढे जगप्रसिद्ध झाले आणि १९३५ साली त्याने त्याचे पेटंट घेतले. आपल्यापैकी किती जणांनी असले 'फुकट गेलेले' झाड बांधावरून तोडले असेल, देव जाणे.

बहुतेक फळांत साखर असते, यात तेल असते. एका मध्यम हास फळाचा साल-कोय सोडून गर १३५ ग्रॅमच्या आसपास भरतो. त्यात चरबी सुमारे २१ ग्रॅम. त्यातली १३ ग्रॅम ओलिक ॲसिडच्या जातीची, म्हणजे थंडीतही बेताने गोठणारी, पातळ. घट्ट चरबी तीनच ग्रॅम. चोथा म्हणजे तंतू ९ ग्रॅम, जो कोणत्याही फळाच्या मानाने भरपूर म्हणायचा. साखर अर्धा ग्रॅमही नाही. उष्मांक सव्वादोनशेच्या वर. कोलेस्टेरॉल शून्य, पण हे कौतुक खोटे आहे. वनस्पतीत कोलेस्टेरॉल नसतेच म्हटले तरी चालेल. तेलाच्या डब्यावर "कोलेस्टेरॉलमुक्त" असे मोठ्या अक्षरांत छापतात, ते "आमच्या उसाला शिंगे नाहीत" म्हणण्यासारखेच आहे.

आता हे रक्तात कसे काम करते ते आपल्या भाषेत सांगतो. डॉक्टर मंडळींनी हसू नये. एलडीएल म्हणजे रक्तातून फिरणाऱ्या कोलेस्टेरॉलच्या गाड्या समजा. त्या रिकाम्या होतात मुख्यतः यकृतात, म्हणजे लिव्हरमध्ये. लिव्हरच्या पेशींवर गाडी उतरवून घेण्याच्या जागा असतात, आपल्या गव्हाणीसारख्या. वनस्पती तूप, मलई, लोणी, चरबीचे मटण असे घट्ट स्निग्ध पदार्थ फार झाले की या जागा कमी होतात. गव्हाण बंद पडली की केनयार्डात काय होते ते आपण जाणता. रांग रस्त्यावर येते, ऊस वाळतो, बैल ताटकळतात. शिरेत तीच रांग भिंतीला चिकटून बसते. घट्ट चरबी काढून त्या जागी पातळ चरबी घातली की उतरवण्याच्या जागा पुन्हा वाढतात. शिवाय चोथा आतड्यात पित्ताला धरून बाहेर नेतो. मग लिव्हरला नवे पित्त करायला रक्तातलेच कोलेस्टेरॉल ओढावे लागते. फळात वनस्पतिज स्टेरॉल असतात, ते आतड्यात कोलेस्टेरॉलची वाट थोडी अडवतात. म्हणजे फळाच्या कीर्तीला आधार आहे, ती नुसती बाजारगप्प नाही.

तात्यांची गोळीही याच गव्हाणीवर काम करते. ती लिव्हरचे स्वतःचे कोलेस्टेरॉल तयार करणे कमी करते. मग लिव्हर जागा वाढवून रक्तातल्या गाड्या ओढून घेते. काम एकाच ठिकाणी, पण जोरात फरक. तो किती हे आकड्यांतच बघावे.

अमेरिकेत पेनसिल्व्हानिया स्टेट विद्यापीठात झालेला एक प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. ४५ जाडजूड माणसे घेतली. प्रत्येकाला पाळीपाळीने तीन प्रकारचे जेवण पाच-पाच आठवडे दिले, आणि तेही मोजून. एक कमी चरबीचे. दुसरे मध्यम चरबीचे, पण चरबी चांगल्या तेलांतून. तिसरे तितक्याच चरबीचे, पण रोज एक ॲव्होकॅडो घालून. कमी चरबीच्या जेवणाने एलडीएल ७.४ ने उतरले, चांगल्या तेलाच्या जेवणाने ८.३ ने, ॲव्होकॅडोच्या जेवणाने १३.५ ने. हे सारे शंभर मिलिलिटर रक्तातले मिलिग्रॅम. म्हणजे तेल बदलल्याचा फायदा वेगळा काढला तर फळाचा स्वतःचा असा वाटा साधारण पाचाचा. वाईट नाही.

आता दुसरा प्रयोग, २०२२ साली प्रसिद्ध झालेला. हा मोठा. पोटाचा घेर वाढलेली १००८ माणसे, सहा महिने. निम्म्यांना रोज एक मोठे ॲव्होकॅडो दिले आणि बाकी जेवण तुमचे तुम्ही बघा म्हणून सांगितले. उरलेल्यांना महिन्याला दोनाहून कमी खायला सांगितले. मुख्य अपेक्षा होती की पोटातली, आतड्याभोवतीची चरबी कमी होईल. मोठ्या यंत्रात घालून मोजली. काही फरक नाही. वजन वाढले नाही, हे एक बरे. एलडीएल उतरले ते अडीच मिलिग्रॅम.

अडीच! तात्यांचे एलडीएल गोळी सोडल्यावर ऐंशीच्या वर चढले होते. गोळी नेमाने घेतली तर ताकदीप्रमाणे एलडीएल साधारण ३० ते ५० टक्के उतरते. म्हणजे दीडशेचे शंभर, नाहीतर पंचाहत्तर. झटका येऊन गेलेल्या माणसाचे ते ७० च्या खाली राहावे असे डॉक्टर सांगतात. पाटाचे पाणी बंद करून पानावरच्या दवावर ऊस काढायला निघावे, तशातला हा प्रकार झाला.

फळ एकच, मग एका ठिकाणी तेरा-चौदा आणि दुसरीकडे अडीच असे का? एक फरक मला ठळक दिसतो. पहिल्या प्रयोगात काहीतरी काढून त्या जागी फळ घातले होते. दुसऱ्यात जे चालले होते त्याच्या वर घातले. माझ्या मते सगळ्या विषयाचे मर्म इथे आहे. युरियाचा डोस आहे तसाच ठेवून वरून शेणखत टाकले तर युरियाचा तोटा काही जात नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे मोबाइलवर ज्याचा गजर चालतो तो आकडा. हाही २०२२ चाच. अमेरिकेतील परिचारिका आणि आरोग्य क्षेत्रातील पुरुष मिळून एक लाख दहा हजारांहून जास्त माणसांच्या खाण्याच्या नोंदी तीस वर्षे ठेवल्या गेल्या. आठवड्याला दोन वेळा, प्रत्येक वेळी अर्धे फळ, इतके ॲव्होकॅडो खाणाऱ्यांत हृदयवाहिन्यांच्या आजाराचे प्रमाण न खाणाऱ्यांपेक्षा २१ टक्क्यांनी कमी दिसले. पक्षाघातात मात्र फरक दिसला नाही. एकवीस टक्के ऐकून कुणीही पिशवी घेऊन बाजाराला निघेल.

पण हे शिवारातले निरीक्षण आहे, आखलेला प्लॉट नव्हे. आपल्या कार्यक्षेत्रात ठिबकवाल्यांचा ऊस पाटपाण्यापेक्षा एकरी पंधरा टन जास्त निघाला, तर ते सगळे टन ठिबकचे असे मी कधी लिहीत नाही. जो ठिबक बसवतो तो बेणे बदलतो, माती तपासतो, वेळेवर बांधणी करतो. तसेच त्या लाखभर माणसांत जे ॲव्होकॅडो खाणारे होते ते भाजीपाला, फळे, अख्खे धान्यही जास्त खाणारे होते. संशोधकांनी हिशेबाने हे फरक वेगळे काढायचा प्रयत्न केला, प्रामाणिकपणे केला. तरी कागदावर वेगळे काढणे आणि शेतात वेगळे लावणे यांत अंतर राहते.

याच अभ्यासातला एक भाग मोबाइलवर कुणी सांगत नाही. लोणी, मार्गारीन, चीज, अंडी, प्रक्रिया केलेले मांस यांच्या जागी रोज अर्धी वाटणी ॲव्होकॅडो धरले तर धोका १६ ते २२ टक्क्यांनी कमी दिसतो. पण ऑलिव्ह तेल, दाणे-बदामांसारखे कवचाचे पदार्थ किंवा इतर वनस्पती तेले यांच्या जागी धरले तर जास्तीचा फायदा काही दिसला नाही. म्हणजे जो आधीपासून चांगले तेल आणि दाणे खातो, त्याला ॲव्होकॅडोने वेगळे असे काही मिळत नाही.

आणि दाणा म्हटल्यावर मला आपले शिवार आठवले. पेनसिल्व्हानियाच्या त्या २०१५ च्या प्रयोगात प्रमुख असलेल्या पेनी क्रिस-एथर्टन बाईंनीच १९९९ साली शेंगदाण्यावर असाच मोजून-मापून प्रयोग प्रसिद्ध केला होता. २२ माणसे, ऑलिव्ह तेल, शेंगतेल, शेंगदाणे आणि त्याचे लोणी अशी वेगवेगळी जेवणे. नेहमीच्या अमेरिकन जेवणाच्या तुलनेत या सगळ्यांनी एलडीएल १४ टक्क्यांच्या आसपास उतरले. रक्तातली दुसरी चरबी, ट्रायग्लिसराइड, तीही उतरली. नुसते चरबी कमी केलेल्या जेवणाने ती उलट चढली होती. पन्नास ग्रॅम शेंगदाण्यात ओलिक ॲसिडच्या जातीची चरबी सुमारे १२ ग्रॅम आणि चोथा ४ ग्रॅम. एका ॲव्होकॅडोच्या जवळ जवळ तेवढीच चरबी, चोथा मात्र निम्म्याहून कमी. तो ज्वारीची भाकरी, मूग-मटकी आणि पालेभाजी भरून काढते. उष्मांक थोडे जास्त, म्हणून वाटीवर वाटी खाऊ नये. दाणे भाजलेले असावेत, तळून मिठात घोळलेले नकोत. बुरशी धरलेले, काळपट, खवट दाणे फेकून द्यावेत. त्यांतले विष लिव्हरचाच घात करते.

मी शहरातून भाच्याने पाठवलेले ॲव्होकॅडो खाल्ले आहे. एकाला अडीचशे रुपये पडले म्हणाला. कांदा, मिरची, लिंबू घालून कोशिंबीर केली, बरी लागली. घरात मात्र प्रतिक्रिया अशी आली की, "एवढ्या पैशात दोन किलो शेंगा आल्या असत्या की." भाव थोडा इकडे तिकडे, पण हिशेबात चूक नव्हती.

आता या प्रयोगांचे पैसे कुणी दिले? आपण खतकंपनीच्या प्रात्यक्षिक प्लॉटवर जातो, चहा-वडा खातो, ऊस बघतो आणि परत येताना एकमेकांना विचारतो, "पाणी किती दिलं असंल रं?" तोच प्रश्न इथे विचारायचा. वर सांगितलेल्या दोन प्रयोगांना, ४५ माणसांच्या आणि १००८ माणसांच्या, पैसा पुरवला तो हास ॲव्होकॅडो बोर्डाने. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पौंड हास ॲव्होकॅडोमागे अडीच सेंट कापून या बोर्डाकडे जातात, मग माल तिथला असो वा मेक्सिकोचा. टनामागची कपात आपल्याला नवी नाही, तेव्हा जास्त समजावत नाही. यात लबाडी झाली असे मी म्हणत नाही. उलट अपेक्षेप्रमाणे पोटाची चरबी उतरली नाही हेही त्यांनी छापले, ही सचोटीच म्हणायची. पण कुठला प्रश्न विचारायचा हे पैसेवाला ठरवतो. शेंगदाण्यावर हजार माणसांचा तसा प्रयोग कोण करणार? दाणा तर गावोगाव आहे, त्याचा बोर्ड कुठे आहे?

आणि बोट दुसऱ्याकडे दाखवताना आपल्या अंगणाकडे पाहिले पाहिजे. संपादक मंडळाने पुढचा परिच्छेद कापला नाही तर मी त्यांचा ऋणी राहीन.

१९६७ साली अमेरिकेतील एका नावाजलेल्या वैद्यकीय मासिकात हार्वर्डच्या शास्त्रज्ञांचा लेख आला. हृदयविकाराचा दोष त्यात चरबीवर टाकला आणि साखरेला बरेचसे मोकळे सोडले. पन्नास वर्षांनी, २०१६ साली, कॅलिफोर्नियातील संशोधकांनी जुनी पत्रे उघड केली. त्या लेखासाठी तिथल्या साखर उद्योगाच्या संस्थेने साडेसहा हजार डॉलर मोजले होते आणि लेखात त्याचा उल्लेख नव्हता. मी साखर कारखान्याचा पगार घेतो. माझ्या मुलांची शिक्षणे उसावर झाली. म्हणूनच हे माझ्या तोंडून ऐकावे असे मला वाटते. जास्त साखर रक्तातील ट्रायग्लिसराइड वाढवते, लिव्हरवर चरबी चढवते, मधुमेहाची वाट मोकळी करते, आणि मधुमेह हृदयाला पोखरतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की वरून घातलेली साखर दिवसाला साधारण ५० ग्रॅमच्या आत असावी, २५ च्या आत राहिली तर उत्तम. आता सवलतीच्या साखरेचे पोते घरी येते. पाच माणसांच्या घरात महिन्याला दहा किलो संपत असेल तर माणशी रोज ६७ ग्रॅम झाले. त्यात मिठाई आणि बाटलीतली पेये धरलेली नाहीत. साखर देशाला विका, इथेनॉल करा, आपला उतारा वाढो. पण पोते स्वस्त मिळाले म्हणून ते घरातच संपवले पाहिजे असा काही पोटनियम नाही.

उत्तम आहार म्हणून तात्या सकाळी ॲव्होकॅडो खात होते. त्यानंतर बशीभर दोन चहा, चार-चार चमचे साखरेचे. संध्याकाळी बाजारच्या तेलातला वडा. फळ वर ठेवले होते, खालचे काही काढले नव्हते. वनस्पती तुपातील घातक ट्रान्स चरबीवर आपल्या सरकारने जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा घातली, हे फार चांगले झाले. पण हातगाडीवरच्या कढईत तेच तेल चार दिवस उकळते, त्याला कुणी काटा लावत नाही.

मी स्वतःवरही प्रयोग करून पाहिला, तोही सांगतो. कारखान्याच्या आरोग्य शिबिरात माझे एलडीएल १५८ निघाले. डॉक्टर म्हणाले, तीन महिने आहार सुधारा, मग बघू. मी भाच्याची पेटी संपवली, वडा सोडला, चहातली साखर निम्मी केली आणि पहाटे कालव्यावर चालायला लागलो. तीन महिन्यांनी १३६. घरी मी ऐटीत ॲव्होकॅडोचे गुणगान सुरू केले, तेव्हा इंजिनीअरिंगला असलेल्या मुलीने विचारले, "बाबा, प्लॉट एक आणि ट्रीटमेंट चार, मग कशानं उतरलं ते कळलं कसं?" वीस वर्षे मी सभासदांना हेच सांगत आलो होतो. पुढे डॉक्टरांनी मला गोळी दिलीच, घरात हृदयविकार आहे म्हणून. ती घेतो.

काळजी करण्याचे कारण आपल्याला जास्त आहे, हेही विसरू नये. बावन्न देशांतील पहिल्या हृदयविकाराच्या झटक्यांचा जो मोठा अभ्यास झाला, त्यात आपल्या दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका मध्यमानाने ५३ व्या वर्षी आलेला दिसला. बाकीच्या देशांत तो ५९ च्या सुमारास. ऐन कर्तेपणी, पोरींची लग्ने आणि सोसायटीचे कर्ज डोक्यावर असताना. त्यामुळे चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक सभासदाने, आणि घरातल्या बायकांनीसुद्धा, रक्त तपासून घ्यावे. शिबिरात पुरुषांची रांग असते, बाया मागे उभ्या राहून "आमास्नी काय झालंय" म्हणतात, ते बंद झाले पाहिजे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी ॲव्होकॅडो डॉक्टरला विचारूनच खावे. त्यात पोटॅश केळ्यापेक्षा जास्त आहे, आणि उसाला पोटॅश जितके मानवते तितके अशा रुग्णाला मानवत नाही.

लागवडीविषयी मागाहून वेगळे लिहीन, कारण विचारणारे बरेच आहेत. तूर्त दोनच गोष्टी. या झाडाच्या मुळांना साचलेले पाणी अजिबात चालत नाही, मूळकूज होऊन उभे झाड जाते. तेव्हा उसाच्या भारी काळ्या रानात ते लावू नये. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. याच्या पानांत, विशेषतः ग्वाटेमाला वंशाच्या झाडांच्या पानांत, पर्सिन नावाचे विष असते. शेळ्यांनी पाला खाल्ला तर कास सुजते, दूध आटते आणि जास्त खाल्ला तर हृदयाचे स्नायू मरतात. ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, अमेरिका अशा ठिकाणी जनावरे दगावल्याच्या नोंदी आहेत. माणसाच्या हृदयासाठी लावलेले झाड दावणीच्या शेळीचे काळीज खाईल.

हे मी तात्यांना सांगायला त्यांच्या घरीच गेलो. बांधाच्या कोपऱ्यावर, मुरमाड जागी, त्यांनी एकच रोप लावले होते. बाकी रोपांचा विचार त्यांनी सोडून दिला होता. गोळी चालू आहे. रात्री जेवण झाले की काकू पाण्याच्या तांब्याबरोबरच हातावर ठेवतात आणि गिळेपर्यंत समोर उभ्या राहतात. नवा रिपोर्ट दाखवला, एलडीएल ७४. "अजून थोडं खाली पायजे म्हणं डॉक्टर," तात्या म्हणाले. चहा आला तो बिनसाखरेचा, बरोबर बशीत भाजलेले दाणे आणि छोटा गुळाचा खडा, तोही माझ्यासाठी. निघताना पाहिले तर काकूंनी त्या रोपाला चारी बाजूंनी बाभळीच्या काट्या लावून कुंपण केले होते, आणि शेळी दुसऱ्या टोकाला, आखूड दोरीने बांधली होती.

— ऊस विकास अधिकारी